सव्वादोन वळसे

पडद्यावरचा आकडा चढत चढत ५.२ वर थांबला.

पीयूसीच्या, म्हणजे गाड्यांचा धूर तपासणाऱ्या, व्हॅनमधल्या मुलाने सायलेन्सरमधून नळी काढली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, "मॅडम, सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तीन टक्क्यांच्या आत लागतो. मशीन पास करणार नाही." त्याच्या आवाजात खरोखरची दिलगिरी होती. मागे दोन रिक्षा खोळंबल्या होत्या. मी गाडी पंपाच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद करून तशीच बसून राहिले.

गाडी १९९३ ची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर, डॅशबोर्डवर चोकची खुंटी. २००४ साली मी ती अकरा वर्षं जुनी असताना घेतली, माझ्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू. २०२३ मध्ये तिची पुनर्नोंदणी केली. आधीच्या वर्षी ते शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेलं होतं. वर पर्यावरण कर. घरचे म्हणाले, लवकरच भंगारात जाईल अशा गाडीवर कशाला खर्च करतेस? माझं उत्तर तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे. चालती गाडी मोडून नवी घडवायलाही लोखंड, कोळसा, वीज लागतेच. माझी गाडी दिवसाला सहा-सात किलोमीटर चालते. तिला नीट ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पण या म्हणण्यात एक अट दडलेली आहे, ती म्हणजे गाडी खरंच नीट असली पाहिजे. त्या दिवशी ५.२ हा आकडा बघताना मला ती अट आठवत होती.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ज्वलन शिकवताना दरवर्षी मुलांना स्टोव्हचं उदाहरण देते. ज्योत निळी असेल तर पातेल्याचं बूड स्वच्छ राहतं, पिवळी झाली की काजळी धरते. इंधन तेच, पातेलं तेच, फक्त हवा कमी पडली. कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले तर कार्बन डायऑक्साइड, एकच मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. इतकी वर्षं हे फळ्यावर लिहिलं. माझ्या गाडीच्या मागच्या नळीतून तेच बाहेर पडत होतं.

त्या नळीची उंची कधी पाहिली आहे का? माझ्या गाडीत ती जमिनीपासून दीड वीत असेल. आमच्या कोल्हापुरात महाद्वार रोडला गजरे विकायला बसलेल्या बायकांची तोंडंही गाडीत बसलेल्या माणसाच्या कितीतरी खाली असतात. गर्दीत गाडी जागेवर धडधडत उभी राहते तेव्हा तिचा धूर आधी त्यांच्या नाकात जातो, मग वर येतो. मी कित्येक वर्षं तिथे गाडी उभी करून, काच खाली घेऊन गजरा घेतला आहे. इंजिन चालूच असायचं.

त्याच संध्याकाळी एका ओळखीच्या माणसाने सोपा मार्ग सुचवला. "गाडी नुसती फोटोपुरती उभी करा. नंबरप्लेटचा फोटो निघाला की नळी दुसऱ्या गाडीत घालतात. दोन मिनिटांचं काम." माणूस वाईट नाही, अडीनडीला धावून येणारा आहे. त्याला ही मदतच वाटत होती. मी नको म्हटलं. कागदाचं महत्त्व मला कळतं. पीयूसी नसेल तर विम्याचं नूतनीकरण करू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं होतं (ती अट २०२४ मध्ये न्यायालयानेच मागे घेतली), आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे. त्यामुळे लोक कागदामागे धावतात. पण शे-सव्वाशे रुपयांत कोणीतरी आपल्या इंजिनात डोकावून आत काय जळतंय ते सांगतं, ही मला फार मोठी सोय वाटते. त्या यंत्रात अवरक्त किरण धुरातून जातात, कार्बन मोनॉक्साइड त्यांतली ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो, आणि किती शोषली यावरून आकडा निघतो. प्रयोगशाळेतलं एवढं नाजूक उपकरण पेट्रोलपंपावर येऊन बसलं आहे, त्याच्याशी खोटं का बोलायचं?

तर दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी स्वतःच बॉनेट उघडलं.

मोबाइलवर एक-दोन व्हिडिओ पाहिले होते. कार्ब्युरेटरच्या खालच्या अंगाला मिक्श्चरचा स्क्रू असतो, तो आत फिरवला की पेट्रोल कमी होतं. मी तो अर्धा वळसा आत घेतला, मग आणखी अर्धा. इंजिन जरा थरथरलं, पण बंद पडलं नाही. सोमवारी पुन्हा व्हॅनपुढे उभी राहिले. सीओ १.१. मी हसणार एवढ्यात मुलाने खालच्या ओळीवर बोट ठेवलं. हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, २३४०. मर्यादा १५००.

माझ्या गाडीसारख्या, भारत स्टेज २ च्या (धुराच्या सरकारी निकषांचा दुसरा टप्पा) आधीच्या गाड्यांना सीओ ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) इतकी सूट आहे. स्टेज २ आणि ३ ला अर्धा टक्का आणि ७५०. स्टेज ४ ला ०.३ टक्के आणि २००. म्हणजे माझ्या गाडीला नव्या गाडीच्या दहापट सीओ सोडायची परवानगी आहे, आणि एवढ्या सैल मापातही ती बसत नव्हती. याचं मला वाईट वाटलं. स्क्रू फिरवून मी एक दुखणं दाबलं होतं आणि दुसरं वर काढलं होतं.

मग मी कारखान्या-गॅरेजांच्या उद्यमनगरला गेले. म्हादबा मेस्त्रींसारख्या नावाजलेल्या यंत्रकारागिराचं नाव सांगणाऱ्या आमच्या गावात लोखंडाला कान लावून ऐकणाऱ्या माणसांची कमतरता नाही. ऑइल इंजिनांवर हात बसलेली एक अख्खी पिढी इथे होती, तिच्यातले काही अजून आहेत. मी ज्यांच्याकडे जाते त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते. सत्तरीच्या पुढचे. हल्लीच्या गाड्यांना लॅपटॉप लावणारा मुलगा त्यांच्या गॅरेजात वेगळा आहे. कार्ब्युरेटरची गाडी आली की मामा स्वतः उठतात.

दोन्ही चाचण्यांचे आकडे मी कागदावर लिहून नेले होते. मामांनी चष्मा लावून ते बघितले.

"पयल्यांदा ५.२ आणि ११८०. मंग स्क्रू कुनी फिरवला?"

"मी."

"चुकीचं न्हाई, पर आधी फिरवलासा." ते उठून गाडीकडे गेले. "आधी हवा, मंग ठिनगी, आणि पेट्रोल सगळ्यात शेवटाला. उलटं केलं की गाडी फसवती बघा."

हे वाक्य मी पुढच्या तीन दिवसांत पुष्कळदा मनात घोळवलं. सीओ जास्त म्हणजे पेट्रोलला हवा पुरत नाही, इतकं मला कळत होतं. हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल जळायचंच राहून जातंय, हेही पुस्तकात आहे. पण दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, हे मी मामांकडून शिकले. पहिल्या चाचणीत हायड्रोकार्बन मर्यादेत असला तरी ११८० होता, म्हणजे तेव्हाच एखादा सिलिंडर अधूनमधून ठिणगी चुकवत असणार. पेट्रोलचा भडिमार चालू होता म्हणून ते झाकून राहिलं. मी पेट्रोल कमी केलं आणि आधीच अशक्त असलेली ठिणगी पातळ मिश्रणाला पेटवू शकेना.

एक कोडं मात्र मला सुटत नव्हतं. हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. निव्वळ पेट्रोलचं एक किलो जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. माझ्या गाडीतले जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, १९९३ च्या पेट्रोलसाठी पाडलेले. म्हणजे नव्या पेट्रोलवर तिचं मिश्रण उलट पातळ व्हायला हवं, सीओ उतरायला हवा. तो ५.२ कसा?

मी हे मामांना विचारलं. त्यांनी उत्तर न देता मला गाडीत बसवलं. "चोकची खुंटी पूर्ण आत ढकला." मी ढकलली. "गेली?" गेली. "आता हिकडं या."

एअर फिल्टरचं झाकण काढलेलं होतं. खाली कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पितळी रंगाची चकती, तीच चोकची. ती ताठ उभी राहायला हवी होती, पण तिरकी होती, अर्धवट मिटलेल्या पापणीसारखी. केबलवर तीस वर्षांचा गंज. खुंटी आत जात होती, पण केबल मध्येच अडकून चकती पूर्ण उघडतच नव्हती. म्हणजे किती महिने कोण जाणे, माझी गाडी थंडीत पहिल्यांदा सुरू होताना लागतं तसलं घट्ट मिश्रण भर दुपारीही पीत होती.

मग मामांनी ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. "वास घ्या." पेट्रोलचा वास, स्पष्ट. घर ते कॉलेज तीन किलोमीटर. इंजिन जेमतेम तापतंय तोवर मी बंद करते. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि इंजिन तापलं की त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इंजिनातच ओढली जाते. म्हणजे कार्ब्युरेटर देतो त्यापेक्षा जास्तीचं पेट्रोल इंजिनाला मागच्या दाराने मिळत राहतं. ऑइल तसं बदलायला झालंही नव्हतं. किलोमीटरच्या हिशेबाने अजून अवकाश होता. पण कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल महिन्यांवर बदलायचं असतं, हे मी आता कधी विसरणार नाही.

चोकची नवी केबल त्या दिवशी मिळाली नाही. शेजारच्या गॅरेजात एका मोडीत निघालेल्या ८०० ची चांगली केबल होती, ती बसवली. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल झिजली होती, तीही बदलली. ऑइल आणि त्याचा फिल्टर नवा. एअर फिल्टर तर मीच आधी बदलायला हवा होता. काढला तेव्हा त्याच्या घड्यांतून लाल माती झडली.

मग ठिणगी. मामांनी तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पहिला आणि तिसरा काळे, मऊ काजळीने माखलेले. मधला ओला, पेट्रोलचा वास येणारा. मला वर्गात मुलांनी ठेवलेल्या परीक्षानळ्या आठवल्या, ज्यात प्रत्येक नळी काय झालं ते आपणच सांगते. "ह्यो बघा, ह्यो कामावरच येत न्हाई," मधल्या प्लगकडे बोट करून मामा म्हणाले. "कधी येतोय, कधी दांडी."

ते संध्याकाळपर्यंत थांबले. दिवे मालवून गॅरेजचं शटर निम्मं ओढलं आणि इंजिन चालू केलं. अंधारात डोळे स्थिरावल्यावर ते मला दिसलं. प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून मधल्या प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरवर, वाकलेल्या जागी, बारीक निळसर ठिणगी उमटत होती, विझत होती, पुन्हा उमटत होती. रबराला डोळ्यांना न दिसणारी चीर पडली होती आणि प्लगपर्यंत पोचायची वीज वाटेतच लोखंडावर उडी मारत होती. इतकी सुंदर दिसणारी गोष्ट बिघाड असू शकते हे पटायला क्षणभर लागला. मी किती वेळ बघत राहिले ते मला आठवत नाही. मामाही काही बोलले नाहीत.

सकाळी थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट जुळवायचं काम, झाले. फीलर गेजची पातळ पट्टी सरकवून मामा ती ओढून बघत. लोण्यातून सुरी जावी तशी सुटली तर सैल, अडली तर घट्ट, आणि हाताला किंचित धरून मग सुटली तर बरोबर. मला एक लावू दिला. तीन वेळा केला तेव्हा त्यांनी मान डोलावली. ठिणगीसाठी वीज तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासून पाहिले, पण खड्डे खोल होते, म्हणून नवे टाकले, सोबत कंडेन्सर. वायरींचा अख्खा संच बदलला. प्लग नवे.

डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळीही टोकाशी फाटली होती. मामांनी नळीच्या फटीवर अंगठा ठेवला आणि इंजिनाचा सूर बदलला, अंगठा काढला की पुन्हा भरकटला. पेट्रोलच्या नळ्या चेपून बघितल्या तर त्या मऊ, चिकट झालेल्या. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. या पेट्रोलला चालतील अशा नळ्या घालून घेतल्या. आमच्याकडे दिवाळीपासून उसाच्या गाड्या रस्ताभर असतात, मळीच्या वासाशिवाय आमचा हिवाळा सरत नाही. त्याच उसातून निघालेलं इथेनॉल माझ्या टाकीत येतं याचा मला आनंदच आहे. फक्त जुन्या गाड्यांच्या मालकांनी आपल्या नळ्या एकदा हाताने चेपून पाहाव्यात. गळती लागली तर धूर राहिला बाजूला, आगीची भीती आहे.

एवढं झाल्यावर मला वाटलं आता स्क्रू. पण मामा गाडीखाली गेले आणि सायलेन्सरला बोटाएवढं गंजाचं भोक सापडलं. ते म्हणाले, हे वेल्डिंग करून घ्या. मी विचारलं, याने सीओ वाढतो का? मामांनी मान हलवली. सीओ वाढत नाही. भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते, ती धुरात मिसळते आणि यंत्रावर आकडा कमी दिसतो. म्हणजे भोक राहू दिलं असतं तर ते माझ्या फायद्याचंच होतं. "पर मंग खरं काय ते आपल्याला कसं कळायचं?" मामा म्हणाले. आम्ही वेल्डिंग करून घेतलं.

शेवटी मिक्श्चर. त्याआधी गाडी पूर्ण तापायला हवी. मामा शेजारी बसले आणि आम्ही हायवेने कागलपर्यंत जाऊन आलो. परत येताना गोकुळ शिरगावच्या चढावर मी तिसऱ्यात घालून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी न अडखळता चढली. कितीतरी दिवसांनी ती माझ्या पायाला लगेच ओ देत होती.

गॅरेजात आल्यावर मामांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेला. दाबायचा नाही, त्याचं टोक सुईसारखं असतं, दाबलं तर आतली जागा कायमची बिघडते. मग बाहेर काढत यायचं. दीड वळशाला इंजिन जेमतेम धरलं, दोनला स्थिर झालं, अडीचला सगळ्यात वेगाने आणि गोड चालायला लागलं. मी थांबले. "आता येवढुसं आत," मामा म्हणाले. पाव वळसा आत घेतला. सूर किंचित उतरला, पण एकसारखा राहिला. मामांनी एक जुना रुपया उभा करून टॅपेटच्या झाकणावर ठेवला. तो थरथरला आणि उभाच राहिला.

गरम इंजिन बंद न करता मी थेट पंपावर गेले. तोच मुलगा होता. त्याने फोटो काढला, नळी फूटभर आत सरकवली. आकडे चढू लागले तशी मी गाडीतून उतरून मागे आले. इतक्या वर्षांत चालू गाडीच्या मागे, त्या नळीच्या उंचीला मी कधी बसले नव्हते. बसले. वास होता, गाडीच्या धुराला असतो तेवढा. डोळे चुरचुरले नाहीत.

सीओ १.४. हायड्रोकार्बन ३९०.

मुलाने छापील कागद दिला. माझ्या गाडीला तो सहा महिने चालतो. कागद कप्प्यात ठेवला आणि गाडीच्या वहीत तारीख घालून लिहिलं: चोक केबल, निडल, ऑइल, पॉइंट, वायरी, नळ्या, वेल्डिंग. स्क्रू तळापासून सव्वादोन वळसे. मग महाद्वार रोडला गेले, गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं आणि उतरून गजरा घेतला.